वर्ध्याचा माणूस

मेक्सिको सिटी

ती. बाबांना आणि सौ. आईला,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तिकडे आपलं असं कोण आहे गं?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज देते. आपलं माणूस आहे इथे, आणि तेही आपल्या वर्ध्याचं.

रविवारी बसने चापिंगोला गेले होते, शेतकी विद्यापीठात. तिथे पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा पुतळा आहे, 2022 मध्ये उभारलेला. नाव वाचलं आणि पाय जागीच थांबले. शाळेत असताना बाबा, तुम्ही एकदा हे नाव घेतलं होतंत, एवढंच आठवत होतं. मग घरी येऊन रात्री दोनपर्यंत वाचत बसले.

विशीत घर सोडून निघालेला हा मुलगा. टिळकांना मानणारा. आधी जपान, मग अमेरिका. दिवसा शेतकीचं शिक्षण आणि बाकी वेळ ओरेगनच्या लाकूड-गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांमध्ये. 1913 मध्ये गदर ही अमेरिकेतल्या हिंदी लोकांची इंग्रजांविरुद्धची क्रांतिकारी संघटना उभी राहिली, तिच्या लढाऊ बाजूची जबाबदारी त्यांच्याकडे होती. तिथे आपलंच माणूस आपल्यावर पाळत ठेवत नाही ना, ही धास्ती रोजची असणार. कॅनडातल्या व्हँकुव्हरचा हॉपकिन्सन नावाचा इमिग्रेशन अधिकारी तर खबऱ्यांचं जाळं विणूनच बसला होता. 1914 मध्ये तिथल्याच मेवासिंग या क्रांतिकारकाने त्याला कोर्टात गोळी घातली आणि स्वतः फासावर गेले.

महायुद्ध पेटल्यावर खानखोजे तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले. वेश बदललेला, नाव मुसलमानी. इंग्रजांच्या फौजेतल्या हिंदी शिपायांना फितवायचं, टोळ्यांना जोडून घ्यायचं, असं ते काम. हे सगळं फसलं. बरोबरचे क्रांतिकारक सूफी अंबाप्रसाद शिराझमध्ये पकडले गेले आणि तिथेच संपले. हे निसटले. मग बर्लिन, 1921 मध्ये मॉस्को, आणि 1924 मध्ये मेक्सिको.

आई, मला सारखं त्यांच्या वर्ध्याच्या घराचं वाटत राहतं. पत्र टाकलं तर पोलीस फोडणार, नाही टाकलं तर मुलगा जिवंत आहे की नाही तेही कळणार नाही. मी दोन दिवस फोन केला नाही तर तू शेजारच्या काकूंना विचारत फिरतेस. त्या माउलीने कोणाला विचारलं असेल? त्यांच्या धाडसाबद्दल वाचताना ऊर भरून येतो, पण त्या दारात वाट पाहणाऱ्यांबद्दल कोणी चार ओळी जास्त लिहिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बंदुकीने जमलं नाही, तेव्हा त्यांनी बी-बियाणं हातात घेतलं. चापिंगोत प्राध्यापक झाले, मका आणि गव्हावर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी फुकट शेतीशाळा काढल्या. मला तर हा त्याच लढाईचा पुढचा भाग वाटतो. ज्याला आपल्या शेतकऱ्यासाठी राबायची बंदी होती, तो दुसऱ्याच्या शेतकऱ्यासाठी राबला.

मग कालच इथल्या शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इमारतीत जाऊन आले. तिथे दिएगो रिवेरा या इथल्या नामवंत चित्रकाराचं भित्तिचित्र आहे, 'आपली रोजची भाकरी' अशा अर्थाच्या नावाचं. मेजाभोवती माणसं बसलेली आणि मधोमध एकजण भाकरी मोडतोय. ते खानखोजे, असं सांगतात. मी बराच वेळ उभी होते. आई, इथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून त्याच्या पोळ्या करतात. त्या खाताना तुझ्या भाकरीची आठवण येतेच, काल जरा जास्तच आली.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. 1947 नंतरही त्यांना मायदेशी यायला सहजासहजी परवानगी मिळाली नाही, कारण इंग्रजांच्या काळ्या यादीतलं नाव कोणी खोडलंच नव्हतं. ज्या स्वातंत्र्यासाठी जन्म घालवला, त्याच्याच दारात खोळंबा! शेवटची वर्षं नागपुरात गेली, 1967 मध्ये वारले.

बाबा, गुडघा बरा असेल तर एक काम करा. त्यांचं घर वर्ध्यात नेमकं कुठे होतं ते जुन्या लोकांना विचारून ठेवा. जागा सापडली तर फोटो पाठवा, पडीक असली तरी चालेल. मी दिवाळीत येतेय, तिकीट काढलंय. आपण तिघं मिळून जाऊ.

तुमची,
सुमी