कारण एकच नाही, बाबा

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलणं होत नाही. बाबा "बरंय" म्हणून फोन आईच्या हातात देतात आणि आई पडवीच्या टोकाला जाऊन हळू आवाजात सांगते. म्हणून दोघांना मिळून हे एकच पत्र. आई, तू वाचून दाखव, बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. बाबांपासून लपवावं असं यात काही नाही.

परवा इथल्या एका मानसोपचारतज्ज्ञांना भेटून आलो. बाबांचं गणपतीपासूनचं सगळं सांगितलं. पहाटे तीनला जाग येते ती येतेच, पानातलं निम्मं टाकलं जातं, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं, भजनाला जाणं बंद, कलमांवर फवारणी कधी करायची हेही ठरवता येत नाही, आणि येता-जाता "माझा आता काय उपयोग". माणूस पाहिल्याशिवाय निदान सांगणार नाही, असं ते स्पष्ट म्हणाले. मला ते आवडलं. पण दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ असं चालू असेल तर नैराश्यासाठी तपासून घ्यायलाच हवं, असंही म्हणाले. उतारवयात हा आजार रडतच येतो असं नाही. अंगदुखी, बद्धकोष्ठ, थकवा, विसराळूपणा अशा रूपांत येतो. आई, बाबा दुधाचा हिशेब विसरले तेव्हा तू घाबरलीस. त्यामागेही नैराश्य असू शकतं, आणि तसं असेल तर उपचारांनी तेही सुधारतं.

आता तुझा नेहमीचा प्रश्न, हे का झालं? तुझी यादी मला पाठ आहे. आप्पाकाका गेले. त्याआधी घराच्या वाटणीवरून दोघा भावांत अबोला होता, तो तसाच राहिला. शाळेतली नोकरी संपल्यापासून बाबांचा दिवस रिकामा. शिवाय कौल लावल्यावर गुरवानं सांगितलेलं. कौल लावलास याला माझी हरकत नाही. तुझ्या मनाला आधार मिळाला असेल तर चांगलंच. फक्त त्यापायी डॉक्टर पुढे ढकलू नकोस.

यातलं एक कारण पकडून त्याच्यावर सगळा भार टाकू नये, एवढं मला पटलंय. रक्तातून थोडं येतं. बाबांची आई महिनोन्‌महिने माजघरातून बाहेर येत नसे, हे तुम्हीच सांगता. पण घराण्यात आहे म्हणून प्रत्येकाला होतंच असं नाही. मधुमेह असलेल्यांत नैराश्य इतरांपेक्षा साधारण दुप्पट आढळतं. बाबांची मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी किती वर्षं चालू आहे? ती दीर्घकाळ घेतली की बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि त्यानंही माणूस गळून जातो, उदास होतो. थायरॉइड मंदावला तरी तसंच. म्हणून आधी रक्त तपासायचं. आणि ऐकू न येणं! बाबा, तुमचं कानाचं मशीन कपाटात पडून आहे. चार माणसांत बोलणं कळेनासं झालं की माणूस हळूहळू उठून आत जातो, तसे तुम्ही भजनातून उठलात, असा माझा अंदाज आहे. मेंदूत एक रसायन कमी झालं की नैराश्य, हे व्हॉट्सॲपवर फिरतं तितकं सरळ नाही. शरीर, घराणं, दुःख, एकटेपणा यांची मिळून गाठ बसते.

गाठ अशी असल्यामुळे ती कुठूनही सोडवायला घेता येते, आणि बाबा, ही मला सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट वाटते. आप्पाकाका परत येणार नाहीत. पण बी-१२ वाढवता येतं, मशीन कानात घालता येतं.

गोळ्यांविषयी. नैराश्यावरच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांची दारूसारखी चटक लागत नाही. गुण दिसायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडायच्या नाहीत आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं एकदम बंदही करायच्या नाहीत. वयस्कर माणसांत यातल्या काही गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं, विशेषतः ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. त्यामुळे चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांपुढे ठेवायची, आयुर्वेदिक काढासुद्धा.

"रत्नागिरीला नेणार का?" असं बाबांनी विचारल्याचं आई म्हणाली. आपल्याकडे रत्नागिरी म्हटलं की लोकांना आधी मनोरुग्णालयच आठवतं, म्हणून विचारलंत ना? बाबा, तुम्हाला कुठेही ठेवायचं नाहीये. मानसोपचारतज्ज्ञ जिल्हा रुग्णालयातही असतात. बाहेरच्या बाहेर तपासून दुपारच्या एसटीनं घरी.

आई, "मन रमवा" म्हणू नकोस. रमत नाही हाच तर आजार आहे. त्याऐवजी ठरलेल्या वेळी एखादं छोटं काम दे. सकाळी सातला पूजेची फुलं बाबांनीच आणायची, इच्छा असो वा नसो. आधी हातपाय हलतात, मग मन मागून येतं. मानसशास्त्रात ही रीतसर उपचारपद्धत आहे, मी मनानं सांगत नाहीये. संध्याकाळी सड्यावर चालायला दोघं जा. आणि महिन्यातून दोन दिवस तू मावशीकडे जाऊन राहा, तेवढ्यात मी इथून येईन. तुझाही आवाज हल्ली थकलेला येतो.

एक अवघड गोष्ट बाबांसमोरच लिहितो. बाबा, जगणं नको असं मनात येतं का? आलं तर मला किंवा आईला सांगा. आम्ही रागावणार नाही, घाबरून गावभर करणार नाही. आई, तूही विचारत जा. विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. फवारणीच्या औषधाच्या बाटल्या मांगरात कुलपात ठेव आणि किल्ली शेजारच्या वहिनींकडे दे. या वर्षीची फवारणी गडी माणूस लावून करू. रात्री-अपरात्री काही वाटलं तर आधी मला फोन, आणि १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेव. फुकट आहे, मराठीत बोलतात.

मी शुक्रवारी रात्री कोकणकन्येनं निघतो. शनिवारी सकाळी रक्त द्यायला जायचंय, तेव्हा बाबांनी रात्री जेवून नंतर काही खाऊ नये, पाणी चालेल. जुनी फाइल आणि औषधांची पिशवी काढून ठेव. मशीनचे सेल मी घेऊन येतो, फक्त कुठला नंबर लागतो ते डबीवर बघून कळव.

तुमचा,
बाळ्या