'दिसतंय मला' हे आता चालणार नाही

आई, बाबा,

फोन केला असता तर बाबांनी "बरं बरं, बघू" म्हणून तो आईच्या हातात दिला असता आणि आई तू मला डब्यात काय नेलं ते विचारत बसली असतीस, म्हणून लिहितेय. आई, तूच वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नको.

आधी गुन्हा कबूल करते. काल 4 जुलैला ज्युरासिकचा नवा पिक्चर लागला आणि मी बघून आले, एकटीच. बाबा, एकमेकांना सोडून बघायचा नाही असं आपलं ठरलेलं होतं, ते मी मोडलं. हाफ डे टाकून गेले आणि नदीतला सीन चालू असताना रडायला लागले, शेजारचं पोरगं पॉपकॉर्न खायचं थांबून माझ्याकडं बघत होतं, कारण रडण्यासारखं तिथं काहीच नव्हतं, काठावर एक टी-रेक्स झोपलेला आणि ही माणसं श्वास रोखून रबरी बोट फुगवतायत एवढंच. बाबा, हा सीन मूळ पुस्तकात होता, पहिल्या पिक्चरमध्ये घेतला नव्हता, आता इतक्या वर्षांनी घेतला. आणि मी मनातल्या मनात तुम्हाला सांगत होते, ही आपली म्हातारी, पहिल्या पिक्चरमधली टी-रेक्स, नाही हं, दुसरी आहे.

आई म्हणेल, आली परत ती म्हातारी. येणारच.

1994 च्या उन्हाळ्यात बाबा मला हिंदीतला 'ज्युरासिक पार्क' बघायला घेऊन गेले तेव्हा मी नऊ वर्षांची. त्या दिवसाचं छत्रीचं प्रकरण काढत नाही. पण गाडीतला तो पाण्याचा ग्लास आठवतोय का, आधी नुसती गोल गोल वलयं उठतात तो? सगळं थिएटर चिडीचूप आणि बाबा हळूच म्हणाले, "आपल्याकडं माग चालू झाले की चहा असाच हलतो बघ." दुसऱ्या दिवशी मी स्टीलचा पेला घेऊन तुमच्या मागं मागं कारखान्यात. पाणी हललं, पण नुसतं थरथरलं, तशी गोल वलयं काही येईनात. पुढं कॉलेजात असताना वाचलं की त्या लोकांनाही ती जमत नव्हती, शेवटी डॅशबोर्डखालून गिटारची तार बांधून छेडली तेव्हा आली. हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही काय म्हणालात? "म्हणजे आपला ताणाच बरोबर नव्हता."

त्याच पिक्चरमध्ये ते रॅप्टर स्वयंपाकघरात शिरले तेव्हा तुम्ही माझ्या डोळ्यांवर हात ठेवला होता. हाताला सुताच्या खळीचा वास. बोटं मात्र थोडी उघडी ठेवली होती, मला दिसावं म्हणून.

2001 ला तिसरा भाग आला आणि मग चौदा वर्षं काही नाही, तेवढ्यात माझी नोकरी, लग्न, चिनू सगळं होऊन गेलं. 2015 ला परत सुरू झालं तेव्हा मला वाटलेलं वाट लावणार, पण नाही लावली. इरफान खान पार्कचा मालक बघून बाबा खुश, आणि मध्येच त्याचं हेलिकॉप्टर पडलं तर इंटरव्हलमध्ये आईला फोन, "मालकालाच मारलं बे यांनी!" आणि शेवटी त्या लॅबमध्ये बनवलेल्या पांढऱ्या धुडापुढं सगळे हरले तेव्हा दार उघडून बाहेर कोण, तर 1993 च्या पहिल्या पिक्चरमधलीच टी-रेक्स, मानेवर रॅप्टरचे जुने ओरखडे तसेच. तुम्ही माझं मनगट धरलंत, "तीच का गं ही?" होय बाबा, तीच. नवीन, याहून मोठं काहीतरी दाखवणं सोपं होतं, पण त्यांनी म्हातारीला विसरलं नाही, मला ही सिरीज आवडते ती एवढ्यासाठीच. मधे कितीही पाट्या टाकू देत. कालच्या पिक्चरमधला सहा हातापायांचा प्राणीसुद्धा मला नाही पटला.

आता जे सांगायचंय ते. 2022 ला पहिल्या पिक्चरमधले जुने तिघं परत आले तो भाग आपण बघितला. "डायनासोर बघायला आलोय का टोळधाड?" म्हणून तुम्ही हसवलंत. पण डॉक्टर ग्रँटला तुम्ही टोपीवरून ओळखलंत, आणि म्हातारी अख्खा पडदाभर उभी असताना मला विचारलंत, "म्हातारी कुठंय?" मला वाटलं चेष्टा करताय. तीन वर्षं झाली बाबा. काल कळलं मला.

तर मोतीबिंदूची तारीख मी घेतलीय, 15 जुलै, इकडं पुण्यात. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर आषाढी, मग गणपती, मग गड्डा यात्रा. दादाशी बोलले, पैशाचं आमचं आम्ही बघतो. सोलापुरात चांगले डॉक्टर नाहीत असं नाही, चिडू नका, पण महिनाभर वेळेवर थेंब घालायला मी शेजारी असेन एवढंच. डॉक्टर म्हणाले वीस मिनिटांचं काम आहे, त्याच दिवशी घरी. उद्याची एकादशी निवांत होऊ दे, शुक्रवारच्या हुतात्मा एक्सप्रेसची दोन तिकिटं काढलीत.

बाबांची खाट खिडकीपाशी टाकलीय, तिथून रस्ता दिसतो. पेपर सुरू केलाय. आई, भाकरीला ज्वारी तिकडचीच आणलीय, तवा तुझा आहेच, आणि तुझ्या मालिकेच्या वेळेला चिनू रिमोटला हात लावणार नाही असं त्यानं लिहून दिलंय. इकडं पाणी रोज येतं, पिंपं भरून ठेवायची नाहीत. आणि तोवर तिकडं पाणी आलं की टाकी बघायला बाबांनी गच्चीवर चढायचं नाही, शेजारच्या पोराला सांगायचं. बीपीची गोळी उपासालासुद्धा घ्यायची. जुने रिपोर्ट घ्या. आई, तू उद्या साबुदाणा बेतानं खा, नंतर रात्रभर बसून काढतेस.

पिक्चरची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. थिएटरमध्ये टिकला तर ठीक, नाहीतर घरी टीव्हीवर लागेल तेव्हा परत बघू, मी पहिल्यांदाच बघतेय असं दाखवेन.

तुमची,
बबडी

ता.क. शेंगा चटणी अर्धाच किलो आणा. बॅग शेवटी बाबाच उचलतात.