वसुलीच्या संदेशात मदतीचीही एक ओळ छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आमच्या शाळेतला एक तरुण सहकारी जिन्याच्या वळणावर पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता. आवाज दाबलेला. ‘परवा नक्की भरतो, सर. नाही, घरच्या नंबरवर नका करू,’ एवढंच ऐकू आलं. मी पगारपत्रकं घेऊन तशीच खाली उतरले, पण दिवसभर हातातल्या कामात लक्ष लागलं नाही. तीन वर्षांपूर्वी त्याच वळणावर उभी राहून हीच वाक्यं मी बोलत होते. म्हणून हे पत्र.

मी एका अनुदानित शाळेत लिपिक आहे. पगार ठरलेला, वेळेवर होणारा. यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मेडिक्लेममधून काही पैसे मिळाले, उरलेले क्रेडिट कार्डावर भरले. मग धाकट्याची कॉलेजची फी दुसऱ्या कार्डावर गेली. मग कार्डाची किमान रक्कम भरायला एका ॲपवरून कर्ज काढलं, त्या ॲपचा हप्ता भरायला दुसऱ्या. पर्सनल लोन आधीपासून चालूच होतं. घरात कोणी चैन केली नव्हती, कोणाला व्यसन नव्हतं. हे मुद्दाम लिहिते, कारण ‘कर्जात बुडलेली बाई’ म्हटलं की ऐकणारा आधी तेच शोधतो.

कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात, एकूण देय आणि किमान देय. मी दीड वर्ष किमान देय भरत राहिले. वाटायचं, नियमित भरतेय म्हणजे फिटतंय. एका कार्डावर ८० हजार बाकी होती. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे २,८००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५०४. किमान देय पाच टक्के, म्हणजे ४ हजार. आता वजाबाकी करा. मी भरलेल्या चार हजारांतून मुद्दलात जेमतेम सातशे रुपये जात होते. या हिशेबाने वर्षाला ४५ हजारांवर पैसे जातात आणि मुद्दल आठेक हजारांनी उतरतं, तेही कार्डावर एक रुपयाची नवी खरेदी केली नाही तर. केली, तर बिनव्याजी मुदत मिळत नाही, कारण मागची बाकी थकलेली असते. शाळेची सगळी बिलं मी तयार करते. हा हिशेब मला येत नव्हता असं नाही. मी तो मांडला नाही, कारण उत्तर बघायची भीती वाटत होती.

मग फोन सुरू झाले. मी मोबाइल टेबलावर पालथा ठेवायला लागले. एकदा शाळेच्या लँडलाइनवर फोन आला आणि तो मुख्याध्यापिकाबाईंनी उचलला. एका ॲपवाल्यांनी माझ्या नणंदेला मेसेज पाठवला, तिचा नंबर त्यांनी माझ्या फोनमधूनच घेतला होता. रात्री साडेआठला फोन यायचे, रविवारी सकाळी सातला यायचे. मला वाटायचं, पैसे आपण बुडवलेत, तेव्हा हे ऐकून घेणं भाग आहे.

ते भाग नव्हतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये परिपत्रक काढून सांगितलेलं आहे की थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, कर्जदाराच्या घरच्यांच्या आणि मित्रांच्या खासगी आयुष्यात शिरायचं नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. एजंट बाहेरचा असला तरी जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेचीच राहते. त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधली संपर्कयादी, फोटो, कॉल लॉग यांना हात लावायला बंदी आहे. म्हणजे नणंदेचा नंबर घेणंच नियमाबाहेर होतं. हे मला ज्या दिवशी कळलं, त्याच्या आदल्या महिन्यात मी तिच्याकडचं लग्नकार्य टाळलं होतं.

मला बाहेर काढलं ते एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने. आमच्या सहकारी शिक्षिकेचे वडील, मी त्यांना काका म्हणते. त्यांच्याकडे जाण्याआधी मात्र मी आणखी एक खड्डा पाहून आले. ‘कर्जमुक्ती’ची जाहिरात करणाऱ्या एका सल्लागार संस्थेने फोनवर सांगितलं, ‘मॅडम, सगळे हप्ते थांबवा, आम्ही निम्म्यात मिटवून देतो. आमची फी आधी भरा.’ पहिले तीन हजार मी भरलेही. नंतर तो माणूस फोन उचलेना. हप्ता थांबला की दंड आणि व्याज माझ्या डोक्यावर चढणार, क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्ज कसं फेडलं याची नोंद, माझा खराब होणार, यातलं काही त्याने सांगितलं नव्हतं. आधी फी मागतो आणि हप्ते थांबवायला सांगतो, अशा माणसाच्या नादी कोणी लागू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

काकांनी मला दोनशे पानी वही आणायला सांगितली. पहिल्या पानावर रेघा मारून घेतल्या. कोणाचं कर्ज, आज बाकी किती, व्याज दरमहा किती, हप्त्याची तारीख, किती दिवस थकलंय. दोन कार्डं मिळून १ लाख ४० हजार. तीन ॲप मिळून ६२ हजार. पर्सनल लोन २ लाख १० हजार. खाली बेरीज आली ४ लाख १२ हजार. मी आयुष्यात पहिल्यांदा ही बेरीज केली. माझ्या मनात आकडा तीन-सव्वातीनचा होता. मी रडले. काका काही बोलले नाहीत, त्यांनी पुढचं पान उलटून त्यावर ‘घरखर्च’ लिहिलं. औषधं, वीज, किराणा, मुलाचा बसपास हे आधी बाजूला काढायचं आणि उरेल त्यातून कर्ज, असा त्यांचा क्रम होता. मी इतके दिवस नेमकं उलट करत होते. पगार झाला की आधी जो जास्त ओरडेल त्याला पैसे, मग महिनाअखेरीस किराण्यासाठी पुन्हा ॲप.

मग त्यांनी विचारलं, ‘तुमच्या शाळेची सेवकांची पतसंस्था आहे ना? तिथून का नाही काढलं?’

याचं उत्तर द्यायला मला वेळ लागला. आमच्या पतसंस्थेचा दर वर्षाला १२ टक्के. कार्डाचा वर्षाला ४२. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण पतसंस्थेच्या अर्जावर दोन जामीनदारांच्या सह्या लागतात. म्हणजे दोन सहकाऱ्यांना सांगावं लागणार, मला पैशांची अडचण आहे. ॲपला कोणाची सही लागत नाही. रात्री अकराला पांघरुणात बसून कर्ज मिळतं, शेजारी झोपलेल्या नवऱ्यालाही कळत नाही. कोणाला कळू नये म्हणून मी साडेतीन पट व्याज मोजत होते. माझी खात्री आहे की जिन्यातला तो मुलगाही तेच मोजतोय.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी आमच्या शिपाईमामांकडे अर्ज घेऊन गेले. कसं सांगावं याची वाक्यं रात्रभर जुळवली होती. मामांनी घंटेचा टोल दिला, हात पुसले आणि म्हणाले, ‘बाई, सही कुठं करायची तेवढं दाखवा.’ दुसरी सही गणिताच्या मॅडमनी केली. त्यांनी दर आणि मुदत विचारली, तीही माझ्या भल्यासाठी. पतसंस्थेचे दोन लाख मिळाले, पाच वर्षांची मुदत, हप्ता साडेचार हजारांच्या आत, थेट पगारातून कापला जाणारा. आधी तिन्ही ॲप बंद केले, मग दोन्ही कार्डांची बाकी. कमी पडलेले दोन हजार पगारातून घातले. जाणकार सांगतात, सगळ्यात जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडा, आणि हिशेबाने ते बरोबरच आहे. पण हातात एकरकमी पैसे नसते तर मी सगळ्यात छोटं कर्ज आधी मिटवलं असतं. एक तरी फोन कायमचा बंद होणं काय असतं, ते ज्याला ते फोन येतात त्यालाच कळतं.

पैसे हातात येण्याआधी एका बँकेने ‘सेटलमेंट’ देऊ केली होती, म्हणजे थकलेल्या रकमेच्या साठ टक्के भरून खातं मिटवायचं. मोह झाला. काकांनी समजावलं की सेटलमेंट केली की क्रेडिट रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, पूर्ण फेडलं तर ‘क्लोज्ड’. पहिल्या शेऱ्यामुळे पुढे घरासाठी, मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना अडचण येते. ज्यांना खरोखर दुसरा मार्गच नाही त्यांनी सेटलमेंट जरूर करावी, पण रक्कम आणि तारीख लिहिलेलं बँकेचं पत्र हातात पडेपर्यंत पैसे भरू नयेत, आणि भरल्यावर ‘बाकी नाही’ असा दाखला मागून घ्यावा. फोनवरच्या शब्दावर नाही.

फोनचा त्रास तोवर थांबला नव्हता. काकांच्या सांगण्यावरून मी कॉलच्या तारखा आणि वेळा वहीत लिहून काढल्या आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल केला. आठवड्याच्या आत रात्रीचे फोन बंद झाले. ३० दिवसांत उत्तर आलं नसतं किंवा समाधान झालं नसतं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता आलं असतं. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. ॲप नोंदणीकृत संस्थेचं नसेल आणि धमक्या देत असेल, तर सायबर पोलिसांचा १९३० हा क्रमांक आहे.

आता माझं मुख्य म्हणणं. मला काका भेटले हा योगायोग होता. सहकारी शिक्षिकेचे वडील बँकेत नसते तर? मदतीची व्यवस्था कागदावर आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘वित्तीय साक्षरता आणि पतसमुपदेशन केंद्रां’ची योजना आखून दिली. तिथे अडलेल्या कर्जदाराला मोफत सल्ला मिळावा आणि केंद्र बँकेपासून वेगळं, स्वतंत्र राहावं, असं तिच्यात होतं. २०१२ मध्ये या योजनेची फेररचना झाली आणि अग्रणी बँकेच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या बँकेच्या, जिल्हा कार्यालयांतून ‘वित्तीय साक्षरता केंद्रं’ उभी करायचं ठरलं. पाटीवरून ‘पतसमुपदेशन’ हा शब्द गेला. खातं उघडा, बचत करा, विमा घ्या हे सांगणं गरजेचं आहेच, पण चार ठिकाणी हप्ते थकलेल्या माणसाला ‘साक्षरता’ या पाटीखाली आपल्यासाठी काही आहे असं वाटत नाही. मला तर असं केंद्र असतं हेच ठाऊक नव्हतं, आणि मी रोज बँकेत जाणारी बाई आहे.

कार्डाच्या बिलावर एक इशारा असतो, की दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरलीत तर फेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षं लांबेल. तो बँकांनी आपणहून छापलेला नाही, रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांमुळे छापावा लागतो. तशीच आणखी एक ओळ सक्तीची करावी. हप्ता चुकल्याच्या प्रत्येक एसएमएसमध्ये, प्रत्येक नोटिशीत, मराठीत: ‘हप्ता भरणं कठीण जात असेल तर मोफत सल्ल्यासाठी या क्रमांकावर बोला. वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच येऊ शकतात.’ आणि त्या क्रमांकावर वसुली विभागाचा माणूस नसावा, समुपदेशक असावा. मला त्या दीड वर्षात शेकडो मेसेज आले. एकातही अशी ओळ असती, तर मी ती रात्री पांघरुणात वाचली असती.

आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणं आहे. अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकाकडे वित्तीय साक्षरता केंद्रांचे पत्ते असतात. ते जिल्हावार मिळवून महिन्यातून एकदा, शक्यतो एक ते पाच तारखेच्या दरम्यान, छापावेत. बऱ्याच हप्त्यांच्या तारखा तेव्हाच्या असतात. त्या केंद्रांत कर्जाबद्दल सल्ला खरंच मिळतो का, हेही आपल्या वार्ताहरांनी एकदा कर्जदार म्हणून जाऊन पाहावं.

त्या मुलाशी मी अजून बोललेले नाही. माझ्या वहीची मागची शंभर पानं कोरी आहेत. सोमवारी मधल्या सुट्टीत त्याला ती दाखवणार आहे, माझ्या पहिल्या पानासकट. पतसंस्थेचा अर्जही आणून ठेवलाय. जामीनदाराच्या एका रकान्यात माझी सही केलेली आहे.

कळावे,
एक शालेय लिपिक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)