डायनॅमो उपटण्याआधी मीटर लावा

महोदय,

जुन्या जावा-येझदी मोटारसायकली पुन्हा रस्त्यावर दिसू लागल्या, याचा मनापासून आनंद होतो. पण बॅटरीचं चार्जिंग बंद पडलं की मूळ 6 व्होल्टचा डायनॅमो, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, उपटून 12 व्होल्टचं किट बसवायची घाई चालली आहे, ती पाहवत नाही. एसटीच्या वर्कशॉपमध्ये हयात घालवलेला ऑटो-इलेक्ट्रिशियन म्हणून सांगतो, यातले पुष्कळ डायनॅमो चांगले असतात.

आधी चार्जिंगचा लाल दिवा पाहा. चावी फिरवताच तो लागला पाहिजे, रेस वाढवली की विझला पाहिजे. बल्ब चांगला असून लागतच नसेल, तर बहुधा डायनॅमोतले कार्बन (पट्ट्यांवर घासून वीज घेणारे ठोकळे) झिजलेत किंवा खाचेत अडकलेत. लागला पण विझत नसेल, तर उजवीकडचं झाकण काढा. आर्मेचरच्या (डायनॅमोच्या फिरत्या भागाच्या) तांब्याच्या पट्ट्यांवर तेलकट काजळी साचते. ती पेट्रोलच्या फडक्याने पुसा, पट्ट्यांमधल्या चिरा कोरून काढा. एमरी पेपर मुळीच लावू नका, त्याचे कण चिरांत बसतात. बारीक काचपेपर घ्या.

हल्ली गाडी हौसेने रंगवून घेतात, चेसिसला पावडर कोटिंग करतात. रंगाचा थर रेग्युलेटरच्या (डायनॅमोचे व्होल्ट आवरणाऱ्या भागाच्या) नटाखालीही जातो आणि अर्थिंग, म्हणजे चेसिसमधून विजेची परतवाट, तुटते. नव्याने रंगवलेल्या गाड्यांत मला हाच दोष सर्वांत जास्त दिसला. तेवढा रंग खरवडायचा सोडून लोक नवी बॅटरी विकत घेतात! वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या गाडीत फील्डची, म्हणजे डायनॅमोतल्या स्थिर चुंबकी भागाची, चुंबकताही उतरते. जाणकाराकडून ती पुन्हा चढवून घेता येते.

मग बॅटरीला व्होल्टमीटर लावा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी 6.3 व्होल्टच्या आसपास दाखवते, मध्यम रेसला आकडा 7 च्या जवळ जायला हवा. रेसबरोबर तो चढतच राहिला तर दोष रेग्युलेटरचा. तसंच चालवलं तर बॅटरीतलं पाणी उकळून आटतं.

50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी केंद्राने 2021 साली वेगळ्या व्हिंटेज नोंदणीची सोय केली. साठच्या दशकात म्हैसूरला बनलेल्या जावा आता त्या वयाच्या झाल्यात, आणि माझ्या मते डायनॅमो हा त्यांच्या मूळ रूपाचाच भाग आहे.

आर्मेचर भरून देणारे (त्याची तार नव्याने गुंडाळणारे) कारागीर अजून गावोगावी आहेत, पण त्यांच्याकडे शिकायला पोरं येत नाहीत. आयटीआयच्या शिक्षकांनी त्यांना वर्गात बोलवावं आणि मुलांसमोर एक डायनॅमो उघडून घ्यावा. आपणही पुरवणीत त्यांच्या कामाला जागा द्यावी, ही विनंती.

— एक निवृत्त ऑटो-इलेक्ट्रिशियन, सांगली