पुसलेली साडेअठरा मिनिटं आणि 'भिजलेली' मोजमाप पुस्तिका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

9 ऑगस्ट हा आपला क्रांतिदिन. 1974 साली याच तारखेला अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना खुर्ची सोडावी लागली. वॉटरगेटचा विषय निघाला की बोलणं घरफोडीवरच थांबतं. मी उभी नोकरी रेकॉर्ड रूममध्ये केली. मला त्यातली टेपची गोष्ट जास्त लागते.

17 जून 1972 च्या रात्री वॉटरगेट या इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कार्यालयात शिरलेली पाच माणसं पकडली गेली. ती चोरी निक्सन यांनीच करायला लावली, हे सिद्ध झालं नाही. त्यांना भोवली ती पुढची झाकपाक. गुप्तचर संस्थेला पुढे करून तपास थांबवायचा, हे सहाच दिवसांनी ठरलं आणि त्यांच्याच कार्यालयातल्या टेपवर उतरलं. या टेप बाहेर जाऊ नयेत म्हणून त्यांनी वर्षभर जंग जंग पछाडलं. 20 जूनच्या टेपवरची तर साडेअठरा मिनिटं पुसलेली निघाली. पाचेक मिनिटं चुकून पुसली गेली असतील, असं सेक्रेटरीबाईंनी सांगितलं. तज्ज्ञांना तिथे किमान पाच वेळा पुसल्याच्या खुणा सापडल्या. पुढे 1978 मध्ये तिथे कायदाच झाला : अध्यक्षांचे कागद देशाचे, त्यांचे खासगी नव्हेत.

आता आमच्याकडचं. वस्तीवरच्या रस्त्याची मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही, मी माहिती अधिकारात मागितली. काम 2021 चं. महिना उलटल्यावर एका ओळीचं उत्तर आलं : 'सदर अभिलेख 2019 च्या महापुरात भिजून नष्ट झाला आहे.'

संपादक महोदय, हे उत्तर वाचून माझे हात थरथरले. त्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. ओसरल्यावर आम्ही चिखलाने जड झालेले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडले, एकेक कागद पंख्याखाली वाळवला, चिकटू नयेत म्हणून मध्ये रद्दी घातली. आठ आठ दिवस हाताचा कुबट वास जात नव्हता. जे वाचलं नाही त्याची यादी केली, पंचनामा केला, वर कळवलं. त्याच पुराच्या नावावर दोन वर्षांनंतरची पुस्तिका कुणी बुडवत असेल, तर ती आमच्या त्या कष्टांची विटंबना आहे.

'महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005' हा कायदा आहे. अभिलेख नियमबाह्य नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण 'सापडत नाही' असं लिहून देणाऱ्याला या कायद्याची आठवण कुणी करून देत नाही.

मी पहिलं अपील दाखल केलं आहे. पुस्तिकेबरोबरच, ती पुरात गेल्याच्या पंचनाम्याची प्रतही मागितली आहे. असं उत्तर ज्यांच्या हाती आलं असेल, त्यांनीही ती मागावी.

– एक निवृत्त अभिलेखपाल, सांगली