खांदा झिजला म्हणून धनुष्य खुंटीला टांगायचं का?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात क्रॉसबोने, म्हणजे चाप असलेल्या आडव्या धनुष्याने, हरणांची शिकार करायला सगळ्यांना मुभा देण्याचा विचार चालू आहे, अशी छोटी बातमी आपल्या परदेश-वृत्ताच्या पानावर वाचली. चारच दिवसांनी त्यावर एका वाचकाचं पत्रही आलं: ‘तिथे आधीच बंदुका काय कमी होत्या?’ मी याच राज्यात, वूस्टरजवळच्या एका गावात सव्वीस वर्षं राहते. (लिहिताना वॉर्सेस्टर, म्हणताना वूस्टर. एवढं अंगवळणी पडायलाच माझा पहिला हिवाळा गेला.) मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिकार करत नाही, मटण खात नाही, घरात धनुष्य नाही. तरी ही मुभा द्यावी असं मला वाटतं, आणि तसं वाटायला लागलं ते दवाखान्यात बसून.

इथे ऑक्टोबर उजाडला की धनुष्याचा मोसम सुरू होतो. त्याआधी महिनाभर माझ्याकडे साठी ओलांडलेले पुरुष यायला लागतात. उन्हाळाभर खांद्याची कुरकुर अंगावर काढलेली असते आणि आता एकदम घाई. मी रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवते आणि म्हणते, धनुष्य ओढता तसं ओढून दाखवा. गेल्या वर्षी एक निवृत्त सुतार आले होते, वय अडुसष्ट. त्यांनी डावा हात समोर ताठ धरला, उजवं कोपर खांद्याच्या रेषेत उचललं आणि ओढायला लागले. निम्म्या वाटेवर खांदा कानाकडे चढला, मान तिरकी झाली, ओठ आवळले गेले. पट्टा पिवळा होता, म्हणजे आमच्याकडच्या अगदी हलक्यांतला. त्यांनी तो सोडून दिला, हात चोळला आणि मला विचारलं, “मग मी अपंग आहे का?”

त्यांनी हे थट्टेत विचारलं नव्हतं. इथल्या कायद्यानुसार क्रॉसबो वापरायचा तर कायमचं अपंगत्व असल्याचं डॉक्टरांकडून लिहून आणावं लागतं आणि मग वेगळा परवाना मिळतो. या गृहस्थांचा खांदा चाळीस वर्षं रंधा मारलेल्या कुठल्याही सुताराचा असतो तसा आहे. गाडी चालवतात, बर्फ उपसतात, कमरेच्या उंचीवर हातोडाही चालतो. हात खांद्याच्या उंचीला नेऊन मागे ओढायचं म्हटलं की संपलं. डॉक्टरांनी सही केली नाही, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या फॉर्मवर ‘धडधाकट’ आणि ‘अपंग’ असे दोनच कप्पे आहेत. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं त्यांच्या मधे कुठेतरी असतात.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवं बसवलेलं छोटं धनुष्य. पुढच्या टोकाला रिकीब असते. तीत पाय रोवायचा, पाठ सरळ ठेवायची आणि दोन्ही हातांनी दोरी वर खेचून खाचेत अडकवायची. तेही जड जात असेल तर हुक लावलेली दोरी मिळते, तिने जोर निम्मा लागतो. हँडल फिरवून दोरी चढवायचं यंत्रही मिळतं. एकदा दोरी अडकली की ती तिथेच राहते. पुढे फक्त नेम धरायचा आणि चाप ओढायचा. सगळा भार पाय, पाठ आणि दोन्ही हात मिळून उचलतात.

साध्या धनुष्याचं तसं नाही. इथे हरणासाठी धनुष्याचा ताण कमीत कमी चाळीस पौंड, म्हणजे अठरा किलोच्या आसपास, असावा लागतो. तो ताण एका खांद्यावर येतो आणि तोही हात नव्वद अंशांत उचललेला असताना. खांद्याच्या झिजलेल्या स्नायूंसाठी याहून वाईट कोन मी सांगू शकणार नाही. आजकालच्या कंपाउंड धनुष्याला चाकं असतात, त्यामुळे दोरी पूर्ण मागे आली की भार बराच हलका होतो, हे खरं. पण तिथवर पोचायला मधला चढ ओलांडावाच लागतो. शिवाय हे सगळं पहाटेच्या थंडीत, दोन-तीन तास झाडावर न हलता बसल्यावर, हरीण वीस पावलांवर आलं असताना करायचं. गार पडलेला खांदा थरथरतो. थरथरत्या हातातला बाण छातीऐवजी पोटात किंवा मांडीत जातो आणि ते हरीण झाडीत जाऊन तासन्‌तास तडफडतं. हरणाची कणव येणाऱ्यांनी, आणि ती मलाही येते, या बाणाचाही विचार करावा.

गंमत म्हणजे सर्वांत कडवा विरोध येतो तो शिकार न करणाऱ्यांपेक्षा जुन्या धनुर्धारी मंडळींकडून. क्रॉसबो म्हणजे फसवणूक, परंपरा बुडाली, जंगलात गर्दी होईल, असं त्यांचं म्हणणं. परंपरेचं म्हणाल तर ज्या कंपाउंड धनुष्याने त्यांतले बहुतेक जण शिकार करतात त्याचं पेटंट मिझुरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये मिळालं. माझ्याहून ते धनुष्य दोनच वर्षांनी मोठं. त्याला चाकं आहेत, तारा आहेत, आणि दोरी बोटांनी न सोडता मनगटाला बांधलेल्या चापाने सोडणारे तर कितीतरी. एक चाप परंपरेत बसतो आणि दुसरा बसत नाही, हे मला काही उमगलेलं नाही.

गर्दीची भीती मात्र उडवून लावण्यासारखी नाही. तरी किती हरणं मारायची हे हत्यारावर ठरत नाही. शिंगं असलेल्या नरांना संख्येची मर्यादा आहे आणि माद्यांसाठी विभागवार परवाने निघतात. राज्याच्या पूर्वेकडे तर हे परवाने मुबलक असतात, कारण तिथे हरणंच तितकी आहेत. ओहायोत क्रॉसबो कित्येक दशकं चालतो. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाने २००९ मध्ये धनुष्याच्या मोसमात तो सर्वांना खुला केला, विस्कॉन्सिनने २०१४ मध्ये, मिनेसोटाने २०२३ मध्ये. हरणं तिथे अजून आहेत आणि साधं धनुष्य वापरणारेही आहेत.

आता त्या वाचकांच्या बंदुकांविषयी. मॅसॅच्युसेट्समध्ये हरणावर रायफल चालवायला बंदीच आहे. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारपासून दोन आठवडे शॉटगन आणि त्यापुढे वर्षअखेरपर्यंत तोंडाकडून भरायची जुनी बंदूक, एवढंच. रविवारी शिकार बंद, हा प्युरिटन या कडव्या ख्रिस्ती पंथाच्या जुन्या काळाचा वारसा. म्हणजे नोकरदार माणसाला धनुष्याच्या मोसमातले सात-आठ शनिवारच मिळतात. त्यातून राहत्या घरापासून पाचशे फुटांच्या आत घरमालकाच्या परवानगीशिवाय शिकार करता येत नाही. एका घराभोवती पाचशे फुटांचं वर्तुळ काढा, अठरा एकर होतात. उपनगरांत ही वर्तुळं एकमेकांवर चढलेली असतात, म्हणून सगळी मदार आमच्यासारख्या घरमालकांवर. आमची जागा अडीच एकर आहे. मागच्या ओढ्याकडे बसायला मी दोघांना लिहून दिलं आहे, धनुष्याला हो आणि बंदुकीला नाही. माझ्या शेजाऱ्यांनीही तेच केलं. उंचावरून खाली मारलेला बाण मातीत रुततो. बंदुकीच्या गोळीची मला तेवढी खात्री वाटत नाही.

पण मारायचीच कशाला? इथले लांडगे एकोणिसाव्या शतकातच संपले. राज्याचं वन्यजीव खातं चौरस मैलाला बारा ते अठरा हरणं हे प्रमाण बरं मानतं. मार्थाज व्हिनयार्ड आणि नॅनटकेट या बेटांवर ती पन्नासाच्या वर आहेत. आमच्या मागच्या झाडीत उभं राहिलं की हरणाचं तोंड पोचतं त्या उंचीवर कुणी पट्टी धरून कापल्यासारखी रेघ दिसते. खाली ओकचं एक रोप नाही, वर सगळं हिरवं. बॉस्टनजवळच्या ब्लू हिल्स या राखीव जंगलात याच कारणाने २०१५ पासून नियंत्रित शिकार सुरू करावी लागली.

गोचीड चावून होणाऱ्या लाइम रोगाचा मुद्दा मी मुद्दाम ताणणार नाही. गोचीड मला चावली आहे, डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या खाल्ल्या आहेत. पण गोचिडीला तो जंतू मिळतो उंदरांकडून. हरणाच्या अंगावर ती रक्त पिऊन वाढते आणि मग पुढची पिढी जन्माला घालते. दहा-वीस हरणं कमी केली की रोग गेला, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

क्रॉसबो निरुपद्रवी आहे असंही नाही. एका तरुणाचा अंगठा मी चार महिने हलता करत होते. चाप ओढताना तो दोरीच्या वाटेत राहिला होता आणि दोरीने नखासकट टोक उडवलं. चढवलेली दोरी हाताने उतरवता येत नाही, सहसा बाण मातीत किंवा निशाणावर सोडूनच ती मोकळी करतात, हेही अनेकांना माहीत नसतं. म्हणून क्रॉसबो नव्याने घेणाऱ्याला त्याचाच वेगळा वर्ग सक्तीचा करा, हवं तर दोन दिवसांचा करा. पण डॉक्टरांच्या दारात उभं करू नका. २०२५ मध्ये वन्यजीव खात्याने लोकांची मतं मागवली तेव्हा मी हेच इंग्रजीतून लिहून पाठवलं होतं.

यातलं काहीही महाराष्ट्राला लागू करू नये, अशी विनंती. तिथे वाघ, बिबटे आणि रानकुत्री हे काम करतात आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे तो योग्यच आहे. माझा भाऊ भोरकडे रानडुकरांपायी भुईमूग लावायचा बंद झाला, त्याचं दुखणं वेगळं आणि त्याचा इलाज क्रॉसबो नाही.

सुतारकाका (मी मनातल्या मनात त्यांना हेच म्हणते) यंदा पुन्हा आले होते. व्यायाम नेमाने केलेत, पट्टा पिवळ्यावरून लाल झाला आहे. धनुष्यापर्यंत मजल जाईल असं मला वाटत नाही, आणि त्यांनाही ते कळलेलं आहे.

ता. क. आपल्या बातमीच्या मथळ्यात क्रॉसबोला ‘गलोल’ म्हटलं आहे. गलोलीने इथे खारसुद्धा हलणार नाही. तेवढी दुरुस्ती छापावी.

आपली नियमित वाचक,
वूस्टर परिसर, मॅसॅच्युसेट्स