साथ येण्याआधी एवढं ठरवून ठेवा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,

स. न. वि. वि.

साथ ऐन भरात असताना असलं पत्र कुणी वाचत नाही, म्हणून आधीच लिहितो आहे. रुग्णांचे आकडे चढायला लागले की रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांना शोधणारं ॲप पंधरवड्यात हवं असतं, कंत्राट घाईत निघतं आणि बैठकीत कुणीतरी म्हणतं, 'आधी जीव वाचवू, खासगीपणाचं मग बघू.' त्या क्षणी या वाक्याला विरोध करायची कुणाची छाती होत नाही. माझं मागणं एवढंच की, कोण कुणाला भेटलं याची माहिती सरकारकडे जमाच होणार नाही अशी रचना निवडा, आणि ती आत्ताच निवडा.

तुमच्या शब्दावर विश्वास नाही असं नाही. पण मंत्र्याचा शब्द कुठवर पुरतो हे सिंगापूरने दाखवलं. तिथे २० मार्च २०२० रोजी 'ट्रेसटुगेदर' ॲप आलं. ही माहिती फक्त संपर्कातल्या लोकांना शोधण्यासाठीच वापरली जाईल, असं मंत्र्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये संसदेत निघालं की, फौजदारी प्रक्रिया कायद्याखाली पोलीस ती मागू शकतात आणि एका खुनाच्या तपासात त्यांनी ती मागितलीही होती. ग्वाही देताना आपल्याला तो कायदा सुचलाच नव्हता, असं संबंधित मंत्र्यांनी मान्य केलं. मला ते खरंच वाटतं, आणि म्हणून जास्त काळजी वाटते. फसवायचा हेतू नसतानाही शब्द मोडला. पुढे फेब्रुवारीत कायदा करून हा वापर सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित केला गेला, पण बंद झाला नाही.

मग आधीच कायदा करून ठेवला तर? जर्मनीत तसा कायदा होता. हॉटेलात आलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या 'लुका' ॲपचा डेटा पोलिसांना वापरायला तिथे स्पष्ट मनाई होती. तरी २०२१ च्या अखेरीस माइन्त्स शहरात एक माणूस उपाहारगृहातून बाहेर पडताना पडून दगावला, तेव्हा साक्षीदार शोधण्यासाठी पोलिसांनी आरोग्य खात्याकडून २१ जणांची माहिती मिळवली. डेटा कुलूपबंद होता, पण संसर्ग झाल्याचं भासवून कुलूप उघडता आलं. त्याच देशात तेव्हा सरकारचं 'कोरोना-वॉर्न-ॲप'ही चालू होतं. तिथे पोलीस गेले असते तर हात हलवत परतले असते, कारण कोण कुणाला भेटलं हे त्याच्या सर्व्हरवर नव्हतंच.

हे कसं जमलं, ते सल्लागारांच्या तोंडून न ऐकता स्वतः समजून घ्यावं अशी विनंती आहे. अवघड नाही. फोनमध्ये रोज एक नवी गुप्त किल्ली तयार होते. तिच्यापासून निघालेले सांकेतिक क्रमांक फोन ब्लूटूथवरून आसपास सोडत राहतो आणि दर दहा-वीस मिनिटांनी बहुरूप्यासारखं सोंग बदलतो, त्यामुळे त्याचा माग काढणं फार अवघड होतं. जवळच्या फोनांचे असेच सांकेतिक क्रमांक तो स्वतःपाशीच टिपतो आणि दोन आठवड्यांनी पुसून टाकतो. त्यात नाव नसतं, फोन नंबर नसतो, ठिकाणही नसतं. चाचणी पॉझिटिव्ह आली आणि माणसाची इच्छा असली, तर मिळालेला कोड टाकून तो आपल्या गेल्या काही दिवसांच्या किल्ल्या सर्व्हरवर चढवतो. बाकीचे फोन त्या उतरवून घेतात आणि स्वतःच्या नोंदींशी स्वतःतच ताडून बघतात. जुळलं तर इशारा येतो. म्हणजे भेटीगाठींची गोळाबेरीज होते ती लोकांच्या खिशात.

संगणक-सुरक्षेच्या संशोधक कार्मेला ट्रोन्कोसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल २०२० मध्ये 'डीपी-३टी' नावाने हा आराखडा मांडला. ॲपल आणि गुगलने त्याच धर्तीची सोय मे महिन्यात फोनांत आणली. (ॲपची रचना कशी असावी याच्या अटी दोन खासगी कंपन्यांनी सरकारांना घालाव्यात हे मलाही खटकतं. पण सरकारांनी आपली तयारी आधी केली असती तर ती वेळ आली नसती.)

'याचा उपयोग काय झाला?' असं तुमचे अधिकारी विचारतील, आणि त्यांनी विचारायलाच हवं. इंग्लंड-वेल्समधलं ॲप याच रचनेवर होतं आणि सुमारे १ कोटी ६५ लाख लोक ते नियमित वापरत होते. २०२० च्या शेवटच्या तीन महिन्यांत त्याने किती संसर्ग टाळले, याचा अंदाज २०२१ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. एका पद्धतीने सुमारे २ लाख ८४ हजार, दुसरीने ५ लाख ९४ हजार. दोन आकड्यांतली तफावत मोठी आहे, पण लहान आकडाही काही थोडका नाही. दुसरी बाजूही सांगतो. ब्लूटूथला अंतर नीट मोजता येत नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी ट्राममध्ये चाचणी घेतली, तर धातूच्या डब्यात इशाऱ्यांची अचूकता नाणेफेकीच्या पलीकडे जाईना. ॲप म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याला पर्याय नव्हे. त्यांच्या पगाराचे पैसे ॲपकडे वळवू नका.

आता मोबाइल टॉवरवर नोंदल्या जाणाऱ्या फोनांच्या डेटाबद्दल, कारण पुढचा मोह तोच असतो. त्याचा उपयोग आहे. केनियात सुमारे दीड कोटी फोनांच्या हालचालींवरून मलेरिया कुठून कुठे जातो हे २०१२ मध्ये मांडता आलं. पण 'नावं काढून टाकली आहेत' या वाक्यावर विसंबू नका. २०१३ च्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या बिननावी नोंदी तपासल्या, तेव्हा फक्त चार ठिकाणं आणि वेळा माहीत असल्या तर ९५ टक्के माणसं एकमेव ठरत होती. तेव्हा सरकारला द्यायचे ते फक्त एकत्रित आकडे: या भागातून त्या भागात अमुक इतके लोक. लहान आकडे त्यातूनही वगळावेत.

हे सगळं लाडावलेल्या शहरी लोकांचं खूळ आहे असं कुणी म्हणालं, तर त्यांना दक्षिण कोरियातल्या सोल शहराचं उदाहरण सांगा. मे २०२० मध्ये इथेवोन भागातल्या नाइटक्लबांमधून संसर्ग पसरला. समलिंगी मंडळी तिथे जातात हे वर्तमानपत्रांनी छापलं, आणि ओळख उघड होईल या भीतीने लोक चाचणीला येईनात. अखेर शहराने नाव न सांगता चाचणी सुरू केली, तेव्हा रांगा लागल्या. क्षयरोग आणि एचआयव्हीच्या बाबतीत तुमचं खातं हा अनुभव कित्येक वर्षं घेत आलेलं आहे.

भारतात 'आरोग्य सेतू' २ एप्रिल २०२० रोजी आलं. त्यात ब्लूटूथसोबत जीपीएसही होतं. माहिती किती दिवस ठेवायची, कुणाला द्यायची याचे नियम आले ११ मे रोजी, तेही प्रशासकीय आदेश म्हणून. ॲप आधी आणि नियम पाच आठवड्यांनी, हा क्रम पुढच्या वेळी उलटा हवा. ॲपचा प्रोग्राम (सोर्स कोड) पहिल्या दिवसापासून सगळ्यांना तपासायला खुला हवा, ॲप ऐच्छिक हवं, ते नाही म्हणून कुणाचा रोजगार किंवा प्रवास अडता कामा नये, आणि बंद होण्याची तारीख कायद्यातच लिहिलेली हवी.

शेवटचा प्रश्न. नॉर्वेचं पहिलं ॲप जीपीएसच्या नोंदी एका जागी साठवत होतं. जून २०२० मध्ये तिथल्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने हरकत घेतली, सरकारने ते थांबवलं, डेटा पुसला आणि डिसेंबरात फोनपुरती माहिती ठेवणारं नवं ॲप आणलं. तुमच्या खात्याचं ॲप असं थांबवू शकेल, अशी संस्था कोणती? असेल तर तिचं नाव आणि तिचे अधिकार जाहीर करा. नसेल तर येत्या अधिवेशनात ती नेमणारं विधेयक आणा.

आपला,
एक नागरिक